दोन खाती, एक खिसा

देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या माणसाचे मला फार कौतुक वाटते. शेकडो माणसे येतात नि जातात. एकही चेहरा तो ध्यानात ठेवीत नाही. आपण बिल्ला पुढे करायचा, त्याने त्या आकड्याचा जोड काढून द्यायचा. बिल्ला कोणाच्या हातात आहे, या भानगडीत तो पडत नाही.

इंटरनेटवरची संकेतस्थळे अशीच विसराळू असतात, हे मला उतारवयात कळले. नाव आणि परवलीचा शब्द सांगून आपण पुढच्या पानावर जावे, तो पलीकडचा सर्व्हर आपल्याला साफ विसरलेला! यावर तोड काढली १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंतुली या तरुणाने. सर्व्हरने बिल्ला द्यावा, ब्राउझरने तो जपावा आणि दर वेळी आपणहून दाखवावा. या बिल्ल्याला म्हणतात कुकी. (खाऊच्या डब्यातले नाव, पण काम कोतवालाचे!) त्या ब्राउझरात टॅबांची चैन नव्हती, इंटरनेट एक्स्प्लोररमध्येसुद्धा ते आले २००६ साली. टॅब वाढले, पण बिल्ल्यांचा खिसा मात्र सगळ्यांत मिळून एकच राहिला.

आमच्या घरी आत्या असते. ऐंशी उलटलेली. ऐन तिशीत कपाळ पांढरे झाले, तेव्हापासून मास्तरकी करून तिने चार पैसे गाठीला बांधले. ते पैसे म्हणजे आमच्या घरातली सोवळ्यातली वस्तू. तिचे नि माझे पेन्शन एकाच बँकेत येते. दर महिन्याला आम्ही दोघे संगणकापुढे बसतो. परवलीचा शब्द ती स्वतः, एका बोटाने टाकते. गेल्या पावसाळ्यात असेच बसलो होतो. एका टॅबमध्ये तिचे खाते, शेजारच्यात माझे उघडले. परत तिच्या टॅबवर आलो. वर तिचे नाव, खाली तिची शिल्लक. औषधवाल्याचे पैसे पाठवण्यापूर्वी सवयीप्रमाणे पान ताजे केले आणि पाहतो तो काय, तिच्या जागी माझे नाव!

“अरे, माझे पैसे कुठे गेले?” आत्याचा आवाज कापरा झाला.

पैसे जागच्या जागी होते. माझा बिल्ला खिशात पडताच त्याच नावाचा तिचा बिल्ला पुसला गेला होता, इतकेच. पडद्यावर उरले होते ते जुने चित्र. काही संस्था अशा वेळी सरळ बाहेर काढतात. ते उद्धट वाटले तरी मला पसंत आहे.

भाची प्रोग्रॅमर आहे. तिला विचारले, “प्रत्येक टॅबला निराळा खिसा शिवता येत नाही का?”

“येतो ना, मामा. सेशन स्टोरेज म्हणतात त्याला. पण पानातल्या कुठल्याही स्क्रिप्टला तो उघडता येतो. चोर स्क्रिप्ट शिरली की बिल्ला गेला! कुकीला निदान ‘स्क्रिप्टने हात लावू नये’ अशी खूण करता येते.”

तिचे म्हणणे मला पटले. तरी एक हट्ट मी सोडला नाही. फॉर्म कोणासाठी उघडला, हे त्यातच नोंदवावे, आणि बिल्ला दुसऱ्याचा निघाला तर सर्व्हरने पैसे हलवू नयेत. एक यंत्र म्हणजे एक माणूस, हा हिशेब एकट्यादुकट्याच्या बिऱ्हाडाचा. आमच्याकडे एकाच यंत्रापुढे तीन पिढ्या बसतात.

खाजगी खिडकीचा उपाय मी करून पाहिला. एक साधी आणि एक खाजगी, इथवर ठीक. पण क्रोममध्ये दोन खाजगी खिडक्या उघडल्या, तर त्या दोघींचाही खिसा एकच! शेवटी भाचीने फायरफॉक्सला मल्टि-अकाउंट कंटेनर्स ही जोडणी बसवून दिली. तिथे रंगागणिक खिसा वेगळा. आत्याने हिरवा रंग निवडला. आता पाटावर बसावे तशी खुर्चीत नीट बसून, चष्मा पुसून, ती आधी टॅबवरची हिरवी रेघ पाहते आणि मगच म्हणते, “हं, वाच आता आकडा.”