आक्कांनी सांगितलेली ‘तमस’

‘नुक्कड’ दूरदर्शनवर लागायची १९८६ साली. आम्ही ती पाहिली २०२१ मध्ये. एवढ्या उशिरा कुणी काही पाहत नाही, पण आमच्या घरचा हिशेबच वेगळा होता.

आमचे मरहूम दादा घरात टीव्ही येऊ द्यायला तयार नव्हते. खरं सांगायचं तर ते तयार असते तरी अब्बांच्या शिलाई मशीनवर तीन पोरांची शाळा भागवून टीव्ही घेणं कुठलं जमायला! कडेगावात आमच्या गल्लीत टीव्ही एकच, समोरच्या आक्कांकडे. ताबुतासाठी आणलेल्यांतला एक लांब बांबू मागून घेऊन त्यांनी त्यावर अँटेना चढवली होती. वारा सुटला की चित्र जाऊन नुसत्या मुंग्या दिसायच्या, मग त्यांचा थोरला छपरावर चढायचा आणि खालून सगळे ओरडायचे, ‘आलं, आलं, गेलं!’ आम्ही भावंडं एकदा त्यांच्या उंबऱ्यावर बसून पाहत होतो, ते दादांना कळलं. त्यानंतर तो उंबराही बंद झाला.

अम्मीनं मात्र या सगळ्या मालिका ऐकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी भरताना किंवा दुपारी गहू निवडताना आक्का आदल्या रात्रीचा भाग सांगायच्या. ‘नुक्कड’मधला खोपडी झिंगत कसा यायचा ते घागर खाली ठेवून करून दाखवायच्या. कादरभाईच्या हॉटेलातली भांडणं दोन्ही बाजूंनी त्याच भांडायच्या. ‘बुनियाद’मधले मास्टर हवेलीराम आणि लाजोजी तर अम्मीला आपल्या नात्यातली माणसं वाटायची. “भाभी, काल लई रडवलं बघा,” असं आक्कांनी म्हटलं की अम्मी चूल बारीक करून यायची. तिनं कधी ‘मला बघायचंय’ असं म्हटल्याचं आम्हाला आठवत नाही.

आमच्या घरी टीव्ही आला तो दादा गेल्यावर, १९९६ साली. तोवर त्या मालिका संपल्या होत्या, लोकांच्या बोलण्यातूनही गेल्या होत्या.

आता भाच्यानं मोबाईल टीव्हीला जोडून दिला आणि इशाच्या नमाजनंतर रोज दोन भाग असा आमचा शिरस्ता पडला. उशिरा पाहण्यात एक सुख आहे, आठवडाभर वाट बघावी लागत नाही. पण सकाळी उठून बोलायचं कुणाशी? ऑफिसात ‘काल नुक्कड पाहिली’ म्हटलं तर लोक आमच्याकडे काळजीनं बघायला लागले. ‘मिर्झा गालिब’मध्ये नसीरुद्दीन शाहपुढे आम्ही तिघंही गप्प बसलो. ‘हम लोग’च्या काही भागांत, खोटं कशाला सांगा, डुलकी लागली. अम्मीला मात्र सगळं आधीच ठाऊक. “आता बघ, तो खोपडी येतो,” ती म्हणायची, आणि यायचा. चेहरे तेवढे तिच्या मनातल्यापेक्षा वेगळे निघाले. हवेलीराम तिला फारच तरुण वाटले.

मग आम्ही ‘तमस’ लावली.

भीष्म साहनींच्या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी केलेली ही मालिका १९८८ च्या सुरुवातीला दाखवली गेली. ती थांबवावी म्हणून लोक न्यायालयात गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहून परवानगी दिली आणि सर्वोच्च न्यायालयानंही ती कायम ठेवली. सगळी मिळून साधारण पाच तासांची. अम्मीला ती तोंडपाठ होती, म्हणजे आक्कांनी सांगितली होती तशी: फाळणीच्या वेळी एक शीख म्हातारा-म्हातारी घरदार सोडून रात्री निघतात. वाटेत एक मुसलमान बाई त्यांना आसरा देते. पुढं दोघं आपल्या लेकीकडं पोचतात. संपलं.

मालिका सुरू झाली ती डुक्कर मारणाऱ्या नत्थूपासून. मग मशिदीच्या पायरीवर ते मेलेलं डुक्कर, मग आगी, मग माणसं. “हे कुठलं लावलंस?” अम्मी म्हणाली. “आक्कांची ‘तमस’ लाव.” आम्ही म्हटलं, अम्मी, हीच ती.

ते म्हातारा-म्हातारी आले तेव्हा ती सावरून बसली. म्हाताऱ्याचं काम स्वतः भीष्म साहनींनी केलंय, म्हातारी दीना पाठक. आसरा देणारी राजो, सुरेखा सिक्री, दार उघडते तेव्हा अम्मी म्हणाली, “हीच, हीच!” या कामासाठी सुरेखा सिक्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पण त्यांची लेक? ती गुरुद्वाऱ्यातल्या इतर बायकांबरोबर विहिरीत उडी घेते.

अम्मी टीव्ही बंद झाल्यावरही तिथंच बसून राहिली.

त्या रात्री आमच्यात वाद झाला. भाऊ म्हणाला, आक्कांना वाटलं असेल आपल्याला वाईट वाटेल, लाज वाटेल, म्हणून त्यांनी ते गाळलं. बहिणीचं म्हणणं, त्यांच्या घरातच कुणीतरी टीव्ही बंद केला असेल, बाकीचं आक्कांनी मनानं जुळवलं. विचारायला आक्का नाहीत, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आम्हाला स्वतःला भावाचं पटतं. डिसेंबर १९९२ मध्ये आमच्या गल्लीत काही झालं नाही, पण आठवडाभर आक्का रात्री आमच्याकडे झोपायला यायच्या. का, तर म्हणे घरात ढेकूण झालेत.

अम्मी वादात पडली नाही. एवढंच म्हणाली, “इतकी वर्षं मी त्या लेकीला जिवंत समजत होते.”

यंदाच्या मोहरमला नेहमीप्रमाणे ती चोंगे घेऊन समोर गेली. बराच वेळ झाला म्हणून आम्ही बोलवायला गेलो, तर अम्मी सोप्यात बसून आक्कांच्या नातीला ‘तमस’ सांगत होती. म्हातारा-म्हातारी राजोच्या घरातून बाहेर पडली होती.

“मग ती लेकीकडं पोचली का?” पोरीनं विचारलं.

“न्हाई गं. लेक विहिरीत गेली होती. तुझ्या आजीनं मला पोचली म्हणून सांगितलं होतं.”

“म्हणजे आजी खोटं बोलली?”

अम्मीनं आमच्याकडे पाहिलं, मग डबा पोरीपुढं सरकवला.

“चोंगा घे,” ती म्हणाली. “तुझ्या आजीला लई आवडायचे.”