भाकरी निवण्यापूर्वी

छायाचित्रणाचा छंद जडलेल्या मनुष्याला केव्हा ना केव्हा एक प्रश्न विचारला जातो, आणि तो बहुधा चहाच्या पेल्याबरोबर येतो : “तुमची स्वतःची शैली कोणती?” कवीला हा प्रश्न तोंडावर कोणी विचारीत नाही, कवीच्या पश्चात तो आम्हा प्राध्यापकांच्या स्वाधीन होतो. परंतु छायाचित्रकार पडला यंत्राचा धनी. यंत्र सर्वांचे सारखेच. मग त्यातून निघालेल्या चित्रावर तुमचा म्हणून कोणता ठसा आहे तो दाखवा, असा त्या प्रश्नाचा रोख असतो. त्यातून माझी चित्रे माणसांची नव्हेत, गडकोटांची नव्हेत. ती असतात भाकरीची, वांग्यांची, शेंगांच्या चटणीची आणि पाण्याच्या तांब्याची. सोलापुरात राहून मनुष्याने सिद्धेश्वराच्या तळ्याचे किंवा गड्ड्याच्या यात्रेचे चित्र काढावे हे लोकांना समजते. घरातल्या भाकरीचे चित्र काढण्यासाठी कोणी खुर्चीवर चढून उभा राहतो हे ऐकले, की ते सहानुभूतीने विषय बदलतात.

वास्तविक हा विषय या कलेइतकाच जुना आहे. टॅल्बट या इंग्रज संशोधकाने १८४४ ते १८४६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध केलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या ग्रंथातले शेवटचे, चोविसावे चित्र फळांनी भरलेल्या करंड्यांचे आहे. त्या काळी चित्र उमटावयास फार वेळ लागे, आणि फळे बिचारी पापणी लववीत नाहीत की कंटाळून उठून जात नाहीत. आपल्याकडे तर हा विषय शाळेतूनच भेटतो. महाराष्ट्रातील एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना ज्यांनी आपली कोवळी बोटे झिजविली आहेत, त्यांना ‘वस्तुचित्र’ आणि ‘स्थिरचित्र’ हे शब्द आठवतील : स्टुलावर पसरलेले फडके, त्यावर एक बादली, एक तांब्या, दोन वांगी आणि भोवती घाम पुशीत बसलेली पंचवीस मुले. आमचे चित्रकलेचे मास्तर म्हणत, “आधी वस्तू काढू नका, आधी सावली बघा.” त्या वेळी मला ते वेदान्तासारखे वाटे. आज माझ्या सगळ्या उद्योगाचे सार त्या एका वाक्यात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

कोणताही विद्यार्थी जसा प्रथम दुसऱ्याच्या वळणावर अक्षर गिरवितो, तसा मीही पुस्तकांच्या वळणावर शिकलो. ती पुस्तके परदेशची. त्यांतला आदर्श म्हणजे सतराव्या शतकातील डच चित्रकारांची मेजे आणि अठराव्या शतकातल्या शार्दँ या फ्रेंच चित्रकाराची तांब्याची भांडी व कांदे. खोलीत काळोख, आणि एका बाजूने येणारा मऊ उजेड. सर्व पुस्तकांचा पहिला उपदेश एकच : उत्तरेची खिडकी धरा, कारण तिच्यातून ऊन कधी आत येत नाही. हा उपदेश लिहिणारा हॉलंडात किंवा इंग्लंडात बसला होता. सोलापूर कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेस, साडेसतरा अंशांच्या थोडे वर आहे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ आमच्या उत्तरेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप खुशाल आत येते. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस होऊन गेला, की जुलै संपेपर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ज्या खिडकीवर साऱ्या युरोपची स्थिरचित्रे पोसली, ती आमच्याकडे वर्षातले काही महिने फितूर होते! मला हे कळले त्या दिवशी मोठा आनंद झाला. पुस्तक लिहिणाऱ्याला जे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, असे काहीतरी माझ्या स्वयंपाकघराला ठाऊक होते.

मग मी पुस्तके मिटून आमच्या उजेडाकडे पाहू लागलो. आमचा उजेड मऊ नाही. तो वस्तूला कुरवाळीत नाही, तिची झडती घेतो. जुन्या माळवदाच्या घरांत छताच्या झरोक्यातून उन्हाचा एक कवडसा खाली उतरे आणि बाकीचे घर अंधारात थंड राही; त्या कवडशात ठेवलेली परात मी लहानपणी पाहिली आहे, आणि डच चित्रांपेक्षा ती परात माझ्या जवळची आहे. असला कठोर, तिरका उजेड भाकरीवर पडला की तिचा पापुद्रा, तिच्यावरचे करपट ठिपके, कडेची बारीक भेग, सारे उठून दिसते. लोण्याच्या केकाला हा उजेड मारक आहे. ज्वारीच्या भाकरीला तोच न्याय देतो.

यंत्राशीही थोडे भांडावे लागते. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक हा आमच्या एखाद्या सावध परीक्षकासारखा आहे : उत्तम आणि वाईट असे काही तो मानीतच नाही, सर्वांना मधले गुण देऊन मोकळा होतो. समोर पांढरे आले तरी त्याचा तो राखाडी करतो, काळे आले तरी राखाडीच. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडीने सिद्ध झालेली ‘मालदांडी ३५-१’ ही आमच्या भागातली रब्बीची ज्वारी; तिच्या भाकरीचा रंग साईसारखा. यंत्राच्या स्वाधीन केले तर ती भाकरी आठवड्यापूर्वीची वाटते. तेव्हा भाकरीला यंत्र सांगते त्याहून जवळजवळ दुप्पट प्रकाश द्यावा, आणि उलट काळ्या तिखटाला निम्मा. मगच पांढरे पांढरे राहते आणि काळे काळे. वाफेची गोष्ट आणखी नाजूक. पाठीमागे अंधार असला आणि उजेड मागच्या बाजूने येत असला तरच वाफ दिसते. एरवी ती असूनही नसते.

पार्श्वभूमीविषयी मात्र मला फार हिंडावे लागले नाही. एका स्नेह्याने मोठ्या आत्मीयतेने सुचविले की सोलापूरची ओळख म्हणून सोलापुरी चादर अंथरा. मी अंथरून पाहिली. त्या चादरीची नक्षी इतकी मानी आहे की तिच्यावर ठेवलेली कोणतीही वस्तू पाहुणी म्हणून आल्यासारखी दिसते, आणि चित्र अखेर चादरीचेच होते. मी आता आमची शहाबादी फरशीच वापरतो. तिचा रंग ढगाळ दिवसासारखा. वर्षानुवर्षे पुसून पुसून तिला एक मंद तकाकी आली आहे, आणि दोन पिढ्या तिच्यावर बसून जेवल्या आहेत. परदेशी चित्रांतून आलेले ते चुरगाळलेले तागाचे रुमाल आणि रोजमेरीच्या काटक्या आमच्या पिठल्याशेजारी ठेवणे म्हणजे आजोबांना टोपीऐवजी हॅट घालण्यासारखे आहे.

परंतु माझ्या चित्रांना काही वळण लागले असेल तर ते फरशीने किंवा खिडकीने लावलेले नाही. ते आईच्या एका दंडकाने लावले आहे. तिची वये मोजण्याची रीत सनावळीची नाही. ती ‘दुष्काळाच्या आधी’ आणि ‘दुष्काळानंतर’ अशी मोजते. दुष्काळ म्हणजे १९७२ चा. त्या वर्षी या जिल्ह्यात लोकांनी अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, खडी फोडण्याच्या कामावर मिळणारी सुकडी पोरांना घातली. मालदांडी खाणाऱ्या तोंडाला ती मिलो कशी लागली असेल हे आई अजून सांगत नाही. नुसते तोंड वाकडे करते. अशा घरात अन्न ही मांडून ठेवण्याची वस्तू होऊ शकत नाही. मी प्रथम कॅमेरा घेऊन ताटाशी उभा राहिलो तेव्हा ती म्हणाली, “फोटो काय पळून जायलाय का? भाकरी निवायलीय की!” आणि मग तिने निकाल दिला : ज्याचा फोटो काढशील ते त्याच बैठकीत खायचे.

जाहिरातीची खाद्यचित्रे कशी तयार होतात हे ज्याला माहीत आहे त्याला या दंडकाचा अर्थ कळेल. तेथे चकाकीसाठी ग्लिसरीनचे थेंब शिंपडतात, भाज्या अर्ध्या कच्च्या ठेवतात, दुधाच्या जागी डिंक ओततात, आणि चित्र झाले की सगळे फेकून देतात. आमच्या घरात यातले काहीच संभवत नव्हते. मला भाकरी तव्यावरून उतरल्यापासून पहिला घास मोडेपर्यंतचा वेळ मिळे. फार तर तीन-चार मिनिटे. एवढ्यात दिवे लावणे नाही, दहा भांडी बदलून पाहणे नाही. एक खिडकी, एक फरशी, एक ताट. जे मला सोडून द्यावे लागले ते सोडल्यावर जे उरले, त्यालाच पुढे लोक माझी शैली म्हणू लागले. प्रागच्या योसेफ सुदेकने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या खोलीच्या एकाच खिडकीचे चित्रण केले. तिच्या काठावर पाण्याचा पेला, अंडे, पाव एवढेच. आणि एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली पत्र्याच्या नरसाळ्यात ढोबळी मिरची ठेवून जे चित्र काढले ते आज जगप्रसिद्ध आहे. पण मला त्या चित्राहून त्याच्या रोजनिशीतली एक नोंद प्रिय आहे. चित्रे काढून झाल्यावर या मिरच्या तो खाऊन टाकी, आणि त्याबद्दल लोकांनी केलेली थट्टा त्याने तेथे मजेने टिपून ठेवली आहे. आईला मी हे सांगितले. तिला तो माणूस चांगल्या घरचा वाटला.

रचनेच्या नियमांविषयीही एक शब्द. चित्राचे तीन भाग करा, मुख्य वस्तू कडेला घ्या इत्यादी उपदेश मला पाठ आहे. परंतु आपल्या पानाला मुळातच व्याकरण आहे. वर मध्यभागी मीठ, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूला भाज्या, मध्ये भात. या डाव्या-उजव्याची उलथापालथ केली तर चित्र कितीही देखणे होवो, मराठी डोळ्याला ते चुकीच्या शुद्धलेखनासारखे खुपते. आणि शेतावर तर ताटच नसते. हातावर भाकरी, भाकरीवर चटणी, चटणीत बोटाने केलेल्या खळग्यात तेल. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला कडब्याच्या खोपीपाशी भज्जी आणि आंबील वाढतात, तेव्हा कोणाची पंगत कोठे संपते आणि ज्वारीचे उभे पीक कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. तेथे मी चौकट आखून काय कापणार?

गेल्या वर्षी गावातील एका खानावळीच्या मालकाने भिंतीवर लावण्यासाठी माझ्याकडे चित्रे मागितली. मी दोन तऱ्हा नेल्या : एक माझी, आणि एक त्याच्या आग्रहास्तव लखलखीत उजेडातली. त्याने क्षणाचाही विलंब न लावता दुसरी निवडली. मला त्यात वावगे वाटले नाही. त्याच्या भिंतीवरच्या चित्राने रस्त्यावरच्या माणसाला ‘या’ म्हणावयाचे आहे. माझ्या चित्रातल्या भाकरीजवळ मात्र कोणीतरी आधीच बसलेले असते. ते चित्रात दिसत नाही, पण भाकरी त्याच्या बाजूला ओढलेली असते.

अलीकडे एक नवीच अडचण उभी राहिली आहे. आईचे वय ऐंशीच्या पुढे गेले. तिचे हात कापतात. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. पिठाची विरी गेलेली नसावी लागते, पाणी कढत लागते, आणि परातीत थापताना दोन्ही तळव्यांचा दाब समसमान पडावा लागतो. तो आता पडत नाही. भाकरी एका अंगाने जाड होते, कड फाटते, चंद्रासारखी वाटोळी म्हणून जिची ख्याती होती ती तालुक्याच्या नकाशासारखी दिसते. माझी चित्रे पाहणाऱ्या एका रसिकाने सुचविले की सुनेच्या हातची भाकरी घ्या, ती गोल असते. त्याचे म्हणणे खरे आहे. ती गोल असते आणि रुचकरही असते. पण मी गेली दोन वर्षे त्या फाटक्या कडांचीच चित्रे काढीत आहे. उजेड तिरका घेतला की प्रत्येक भेगेत सावली उतरते, आणि कोणता तळवा कोठे लटका पडला हे बोटाने दाखविता येते. आईला ही चित्रे आवडत नाहीत. “चांगली झाली होती तेव्हा का नाही काढलीस?” असे ती विचारते. चांगल्या झालेल्यांची शेकडो आहेत, ती तिला दाखविली. त्यांतली स्वतःची भाकरी तिने बरोबर ओळखली, आणि फाटकी तेवढी आपली नव्हे असे सांगितले.

संक्रांतीच्या सुमारास ती अजून हट्टाने कडक भाकऱ्या करते. पातळ थापलेल्या, तव्यावरून काढून धगीशी उभ्या करून वाळविलेल्या या भाकऱ्या आठवडेच्या आठवडे टिकतात. त्यांना निवण्याचे भय नाही, म्हणून या एका बाबतीत दंडक शिथिल असेल अशी माझी समजूत होती. तशी ती नाही. कडक भाकरी मोडताना जो आवाज होतो तोच तिचा अर्धा स्वाद आहे, आणि तो चित्रात कसा आणावा या खटपटीत मी सध्या आहे. काल मोडलेल्या तुकड्याची धार, फरशीवर उडालेला चुरा आणि बाजूला दह्याची वाटी असे चित्र जुळत आले होते. उजेडही मनासारखा होता. मी भिंग सरसावतो आहे तोच आईने ओल्या फडक्याने चुरा टिपून घेतला आणि वाटी माझ्यापुढे सरकविली.