शेंगदाण्याचा उपास

पानातलं टाकू नये, हे लेकीला कसं शिकवायचं? मला शिकवलं गेलं तेव्हा ‘यात काय आहे’ असं विचारायची सोयच नव्हती; वाढणाऱ्याला प्रश्न विचारणं हा उद्धटपणा होता. आणि चार वर्षांच्या पोरीला मी नेमकं तेच शिकवते आहे: आधी विचार, यात दाण्याचं कूट आहे का? तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.

कूट कशात नसतं! काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूचं फदफदं, तिळगुळाचा लाडू. पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. शेजारच्या काकूंच्या कोशिंबिरीवर कोण छापणार? तिथे ‘नको’ म्हणावं लागतं, आणि ‘नको’ म्हटलं की, ‘चिमूटभरानं काय होतंय?’ चिमूटभरानंच होतं.

पण या आग्रहातून सुटायला आपणच एक पळवाट ठेवली आहे. ‘आज उपास आहे’ म्हटलं की आग्रहाचा हात जागीच थांबतो. शरीराचं कारण दिलं तर नखरे, देवाचं दिलं तर निष्ठा. उपासाला काय चालतं याची यादी तरी कोणी कधी तपासली? गहू नाही, भगर चालते. एका घरी कोथिंबीर चालते, दुसऱ्या घरी जिरंही नाही. साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंगदाणा ही सगळी मूळची अमेरिका खंडातली मंडळी. कोलंबसाच्या आधीच्या एकादशीला यातलं काहीच नव्हतं. तरी परक्या घरची यादी आपण मुकाट मान्य करतो, डॉक्टरांची चिठ्ठी मागत नाही. गंमत म्हणजे लेकीसाठी सगळ्यात धोक्याचा दिवस एकादशीच. खिचडीत दाणे, आमटी दाण्यांची, लाडूही दाण्यांचा.

म्हणून तिला वाक्य शिकवलं: ‘माझा शेंगदाण्याचा उपास आहे.’ काकू हसल्या, चमचा मागे घेतला. मग म्हणाल्या, ‘आमच्या वेळी पोरांना सगळं खायची सवय लावत.’ हे मला खोडता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली सांगितलं होतं, ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८मध्ये तो सल्ला मागे पडला. २०१५ साली लंडनमधल्या ६४० बाळांच्या अभ्यासानं उलटंच दाखवलं: लहानपणापासून शेंगदाणा खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी ॲलर्जी शंभरात तिघांना, टाळणाऱ्यांत सतरा जणांना. ज्याला ॲलर्जी झालीच आहे त्याला याचा उपयोग नाही, पण काकूंशी वाद घालायचा माझा जोर ओसरतो.

‘उपास सोडणार कधी?’ काकूंनी विचारलं. साधारण पाचातल्या एका मुलाची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते. बाकी चौघांचं उद्यापन नसतं.

मला वेगळीच भीती वाटते. उपास मोडला तर पाप, हे ती कुठूनतरी ऐकणारच. चुकून दाणा पोटात गेला, ओठ सुजू लागले, तर ती धावत सांगेल की लपवेल? ॲड्रेनालिनचं इंजेक्शन वेळेत द्यायचं तर तिनं लगेच बोलायला हवं. आग्रह थांबवणारं वाक्यच तिचं तोंड बंद करणार असेल तर? ते काढून घ्यावंसं वाटतं; पण येत्या एकादशीला तिच्या हाती दुसरं काय द्यायचं, ते सुचत नाही.