गाण्यांची नावनिशी

आपल्याकडे साध्या आमटीच्या वाटीवरसुद्धा नाव घातलेले असते. कोणी दिली, कोणाला दिली, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या तारखेला, हा सारा तपशील टिंबाटिंबांनी कडेवर कोरलेला असतो. वाटी चुकून शेजारी गेलीच, तर शेजारीणबाई तो वाचून ती परत आणून देतात. पण त्याच घरातली गाणी पाहा! ती एखाद्या बेवारशी गाठोड्यासारखी पडलेली असतात.

आमच्या केजच्या घरीही असे एक गाठोडे आहे. गाठोडे म्हणावयाचे ते सवयीने. वस्तुतः ती तळहाताएवढी एक काळी डबी, म्हणजे हार्ड डिस्क आहे आणि तिच्या पोटात अकरा हजारांवर गाणी आहेत. काही कॅसेटवरून उतरवलेली, काही सीडीवरून घेतलेली, काही बसस्थानकाजवळच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मोबाइलचे कार्ड भरून मिळे त्या काळातली. सुट्टीत पुण्याहून आलेल्या चिरंजिवांनी ही डबी टीव्हीला जोडली आणि म्हणाले, "बाबा, तुमच्याकडे 'ट्रॅक झीरो वन' नावाची साठ गाणी आहेत."

मी म्हटले, "असतील. गाणे कोठून तरी सुरू व्हावेच लागते."

हे उत्तर त्यांना पटले नाही, आणि मग आम्ही बापलेक नावनिशी करावयास बसलो.

वाचकांना वाटेल, यात बसण्यासारखे काय आहे? कप्पे करावे आणि गाणी त्यांत टाकावी. पण कप्प्यावर भिस्त ठेवता येत नाही. गाणे त्या कप्प्यातून उचलून दुसऱ्या यंत्रावर नेले की ते पुन्हा निनावी होते. म्हणून वाटीप्रमाणे नाव त्याच्या अंगावरच कोरावे लागते. एम्पी-थ्री हे नाव १९९५ साली जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत पक्के झाले, तेव्हा आवाज साठवण्याची युक्ती होती, पण नाव लिहावयाची सोय नव्हती. ती १९९६ साली एरिक केम्प नावाच्या गृहस्थांनी काढली. गाण्याच्या अगदी शेपटाला त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली. मोजून १२८ बाइटांची! त्यांत गाण्याला तीस, गायकाला तीस, अल्बमला तीस, सालाला चार, शेऱ्याला तीस.

ही शेपटाची गोष्ट वाचली आणि मला गौहरजान आठवल्या. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीने त्यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तीनएक मिनिटांचे गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारीत. पुष्कळांना तो गायिकेचा तोरा वाटतो. पण तबकड्या छापल्या जात दूर जर्मनीत, हानोव्हर शहरी. तेथल्या कारागिराला कोणते गाणे कोणाचे, हे कळणार कसे? म्हणून शेवटी नाव. केम्पसाहेबांची चिठ्ठी नव्वदाहून अधिक वर्षांनी आली. पण बाईंनी ती आधीच गळ्याने लिहिली होती.

त्या चिठ्ठीत गानप्रकारासाठी एकच बाइट होता, आणि त्यासाठी ऐंशी प्रकारांची यादी ठरलेली. तीत डिस्को आहे, गॉस्पेल आहे, इतकेच काय, पोल्कासुद्धा आहे. (हे आमच्या घरात वाचून दाखवताच सौभाग्यवतींनी, "कोणत्या शिंप्याची यादी आहे ही?" असे विचारले.) अभंग नाही, नाट्यगीत नाही, ठुमरी नाही, पोवाडा नाही. बालगंधर्वांना कोठे बसवावयाचे? 'एथ्निक' या खोलीत? माझे मन होईना. देवनागरीचा तर तेथे विचारच नव्हता, त्यामुळे जुन्या यंत्रांवर मराठी नावे प्रश्नचिन्हांची रांग होऊन येत. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपल्या लिपीतल्या प्रत्येक खुणेला, म्हणजे काना-मात्रेलाही, तीन बाइट लागतात. 'ज्ञानेश्वर' एवढे लिहिले की बरोबर तीस होतात. माउली म्हणावयास जागाच उरत नाही! १९९८ साली नवी, ऐसपैस चिठ्ठी आली. तीत रागासाठी, तालासाठी आपले आपण रकाने पाडता येतात, म्हणून आमचे भागले.

रकाने मिळाले, पण भरावयाचे काय? संगणक हा भलताच काटेकोर कारकून आहे. लता मंगेशकर देवनागरीत, त्याच रोमनमध्ये आणि त्याच रोमनमध्ये एक अक्षर गाळून, अशा तीन लताबाई त्याने तीन ठिकाणी बसवल्या होत्या. 'पंडित' ही पदवी आधी लिहिल्यामुळे सगळे पंडित प अक्षरात एका पंगतीला, आणि ज्यांना कोणी पंडित लिहिले नाही ते बाहेर. सुमारे हजार गाण्यांच्या गायकाच्या जागी तर एका फुकट्या संकेतस्थळाचेच नाव होते. गीतरामायणाची छप्पन्न गाणी क्रमांकावाचून आलेली. ती बाराखडीप्रमाणे लावल्यामुळे विजयाचा जयजयकार आधी, रामजन्म मागाहून आणि सेतू त्याच्याही मागे! शिवाय १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर निरनिराळ्या गायकांनी म्हटलेले गीतरामायण वेगळे आणि सुधीर फडके यांनी पुढे एकट्याने म्हटलेले वेगळे. ते एकाच नावाखाली ठेवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

'साधी माणसं' या १९६५ च्या चित्रपटाचे संगीतकार आनंदघन. हे आनंदघन म्हणजे खुद्द लताबाई, हे आता सर्वांना ठाऊक आहे. मग रकान्यात काय घालावे? चिरंजीव म्हणाले, खरे नाव घाला. मी म्हटले, ज्यांनी टोपणनाव घेतले त्यांच्या मनाचाही काही मान ठेवशील की नाही? आनंदघन राहिले. परंतु १९४९ च्या 'महल'ची गोष्ट निराळी. त्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे नाव! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा लताबाईंचे नाव जाहीर झाले. टोपणनाव आपण घेणे निराळे आणि आपले नाव दुसऱ्याने गाळणे निराळे.

असे करता करता आम्ही 'अननोन आर्टिस्ट' या ढिगापाशी आलो. तीत एक कॅसेट होती. आमच्या जुन्या घरी कोणाच्या तरी लग्नात घाणा भरताना टेप चालू ठेवलेला. जात्याची घरघर आणि तीन बायकांच्या ओव्या. एक आवाज आजीचा असावा, एवढाच माझा अंदाज. आवाज ओळखणारे माणूस आता एकच उरले होते: आमच्या आत्याबाई. वय शहाऐंशी.

आमच्याच जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखावर ओव्या जमवल्या, त्यांतल्याच या. आता त्या कोणालाही संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि ओवीबरोबर बाईचे नाव आहे, गाव आहे, दिवस आहे. ते पाहिल्यावर आमची कॅसेट तशीच ठेवणे मला जमेना. मी युसूफवडगावची एसटी धरली.

आत्याबाईंनी मोबाइल कानाशी धरला. पहिल्या आवाजाला, "ही माय," म्हणाल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसरा आवाज त्यांचाच.

"तुमचं नाव घालतो, कलाकार म्हणून," मी म्हटले.

"कामून? मी काय कलावंतीण हाय का रे?"

रकान्याचे नाव बदलता येत नाही, हे त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. अखेर तयार झाल्या. सासरचे नाव की माहेरचे, असे विचारले तर एका क्षणात उत्तर आले, "माहेरचं टाक. वव्या माहेरच्या हायेत." साल? भूकंपाच्या दोन वर्षे आधीचे लग्न. किल्लारीचा भूकंप १९९३ चा, तेव्हा १९९१.

"आणि ही तिसरी?"

"ती धारूरवाली. गल्लीतलीच होती. गळा लई गोड."

"नाव काय तिचं?"

"नाव कोण घेत होतं बाबा तिचं? समदे धारूरवालीच म्हणायचे."

मी गल्लीत आणखी दोन घरी विचारून पाहिले. ते कुटुंब केव्हाच उठून गेले होते. चिरंजिवांचे म्हणणे, मग 'अननोन'च असू द्या. मी 'धारूरवाली' असे लिहिले. आजीच्या नावाशेजारी आता तेही दिसते.

आत्याबाईंनी ती ओवी पुन्हा लावावयास सांगितली होती आणि मध्येच हात वर करून म्हणाल्या होत्या, "हितं बघ, माय चुकली अन् तिनं सावरून घेतलं." तेवढे मी शेऱ्याच्या रकान्यात घातले आहे.