पूल आपला, हद्द कुणाची?

प्रवरासंगमच्या पुलावर एसटी आली की माणसं खिडकीतून गोदामाईला नाणं टाकतात, हात जोडतात. अलीकडे नेवासा तालुका, पलीकडे कायगाव, तालुका गंगापूर. येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच दिसतं. आमच्या घराला मात्र ही हद्द तीन पिढ्या नडली आहे.

आजीचं माहेर पलीकडचं. तिचं लग्न झालं तेव्हा तिकडे निजामाचं राज्य, आपल्या भाषेत मोगलाई; इकडे इंग्रजांचा मुलूख. मधे गोदावरी. तिकडे हाली रुपया, इकडे कलदार. माल न्यायचा तर करोडगिरी भरा, म्हणजे जकात. आजी सांगायची, माहेराहून येताना लुगड्याचं गाठोडंसुद्धा सोडून दाखवावं लागायचं. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला. आजीला वाटलं, सुटलो एकदाचे.

2020 च्या टाळेबंदीत जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या. थोरल्या बहिणीची सासू गेली. आम्ही निघालो, पण पास नव्हता, पुलाच्या तोंडाहूनच माघारी फिरलो. घरी आल्यावर आजीने विचारलं, "आली का रं परत मोगलाई?"

ती हद्द रोगाने घातली होती, उठली. पाण्याची हद्द मात्र आपणच घालतो.

15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा समन्यायी वाटपाचा नियम. 2023 ला नगर-नाशिकच्या धरणांतून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला. मी इकडच्या मोर्चात घसा फोडून ओरडत होतो. दाजी तिकडच्या रास्ता रोकोत. रात्री त्यांचा फोन.

"काय पाहुणे, पाणी सोडता का नाही?"

"दाजी, ऊस जळतोय इकडं."

"तुमचा ऊस जळतोय, आमच्याकडं हंडा रिकामा वाजतोय."

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

खरं तर नेवासा तालुका दोन्हीकडचा आहे. आमची शेती मुळेच्या उजव्या कालव्यावर, आणि नदीकाठच्या गावांच्या मोटारी जायकवाडीच्या फुगवट्यात. नाथसागरात जमिनी गेल्या त्या पैठण-गंगापूरच्या, तशा नेवासा-शेवगावच्याही. मग आम्ही पुलाच्या कुठल्या टोकाला उभं राहून घोषणा द्यायच्या?

हक्क सोडा असं मी म्हणत नाही. आवर्तन चुकलं की काय होतं ते मला माहीत आहे. पण दोन्ही काठांनी मिळून एक मागणी तरी करू: वरून सोडलं किती, वाटेत मुरलं किती, उपसलं किती, जायकवाडीत पोचलं किती, हा हिशोब रोजच्या रोज दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लागला पाहिजे. आज इकडच्याला वाटतं सगळं नेलं, तिकडच्याला वाटतं काहीच आलं नाही. या दोन समजुतींवर निवडणुका निघतात, पीक निघत नाही.

आजी गेली तेव्हा राख संगमावर सोडली. आम्ही अलीकडून गेलो, दाजी आणि तिची माहेरची माणसं पलीकडून आली. पूल उघडा होता.

तो तसाच राहू द्या. भांडायचंच तर आकड्यांवर भांडू, आणि एका बाजूला बसून भांडू.