जमिनीतली ऊब

थंडी आम्हां बेळगावकरांना कुणी शिकवायला नको, असे मला वाटायचे. २०१६ च्या डिसेंबरात मुलाकडे जर्मनीला, स्टुटगार्टजवळ गेले आणि तो अभिमान दोन दिवसांत गळाला. घरात प्रत्येक खिडकीखाली लोखंडी रेडिएटर. आत साठ-पासष्ट अंशांचे पाणी खेळायचे. जवळ बसले की पाठ भाजायची, चार पावले दूर गेले की पाय गारठायचे. त्यामुळे घरातली चार माणसे चार खिडक्यांपाशी. पाच वर्षांची नात तिच्या कोपऱ्यात चित्रे काढीत बसे. मी मराठीत विचारी, ती जर्मनमध्ये उत्तर देई. मुलगा-सून दोघेही मराठी बोलणारे, पण दिवसभर नोकरीत. मनाला लागायचे, पण बोलणार कुणाला?

२०२३ च्या सप्टेंबरात पुन्हा गेले, तेव्हा खालचा मजला उकरलेला. रेडिएटर काढून जमिनीखालून ऊब घ्यायचे ठरले होते. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर. जुना कोबा फोडून खाली उष्णता अडवणारा थर घातला. त्यावर बोटाएवढ्या प्लास्टिकच्या नळीची वेटोळी, वितीपेक्षा कमी अंतरावर. दाब देऊन गळती तपासली, मगच वर सिमेंटचा कोबा. तीन आठवडे तो नुसता वाळू द्यायचा. पुढेही पाणी एकदम तापवायचे नाही. आधी तीन दिवस पंचवीस अंश, मग हळूहळू वर. घाई केली तर तडे जातात, असे गवंड्याचे म्हणणे मुलाने मला सांगितले. जमीन उंच झाली म्हणून दारेही खालून तासली. खर्चाचा आकडा ऐकून मी गप्पच बसले.

आता पाणी जेमतेम पस्तीस अंशांचे. हात लावला तर काही चालू आहे असे वाटतही नाही. सकाळी बटण दाबून लगेच ऊब मागाल तर मिळत नाही. काही तास लागतात. म्हणून ते रात्रंदिवस मंद चालू ठेवायचे.

मला आमचे घर आठवले. शाळेत आणि बाजारात कानडी, घरात मराठी. मराठी आम्हांला कुणी मुद्दाम शिकवली नाही. ती सारवलेल्या जमिनीसारखी सदैव पायांखाली होती.

दिवाळीच्या तोंडावर करंज्यांचा घाट घातला. टेबल सोडून मी सरळ जमिनीवरच पोळपाट मांडला. सून शेजारी बसली, मुलगा आला. बारा वर्षांची नात मोजे काढून मांडी घालून बसली. कितीतरी वेळ कुणी उठले नाही.

"आजी, माझा करंजी फुटला," ती म्हणाली.

मी वाक्य सुधारले नाही. करंजी तेवढी सुधारून दिली.