श्वास कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी, इथे कोल्हापुरात, एका विद्यार्थ्याने अवकाशातल्या ध्वनींवर संगणकाने रचलेले संगीत मला ऐकवले. ‘यात श्वास कुठे आहे?’ असे म्हणून मी ते अर्ध्यावर थांबवले. घराणेदार गायकीवर पोसलेल्या कानांचा तो हट्ट होता.

परवा टेरी रायलीची ‘सन रिंग्ज’ (२००२) ऐकली. क्रोनोस चौकडीच्या तंतुवाद्यांमागे शिट्ट्या, घरघर. निर्वातात ध्वनी कुठला? व्हॉयेजरसारख्या यानांच्या अँटेनांनी टिपलेल्या या प्लाझ्मालहरी. त्यांची कंपने आपल्या श्रवणमर्यादेत येतात, म्हणून आयोवा विद्यापीठाचे डॉन गर्नेट त्या ध्वनिरूपात ऐकवू शकले.

मग आठवले, त्याच व्हॉयेजरवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. लहानपणी त्या काही महिने याच कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. व्हॉयेजर-१ निघाले ५ सप्टेंबर १९७७ रोजी. १६ सप्टेंबरला बाई गेल्या. आता त्यांचा श्वासही तबकडीवरची मुकी रेघ आहे, कुणीतरी ऐकेपर्यंत त्या लहरींइतकीच मुकी.

त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले आहे: उरलेले अर्धे ऐकायचे आहे.